दुकानाच्या ओट्यावर झोपणारे काका-काकू निवाऱ्यात का जात नाहीत?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे, मंडईजवळ एका मेडिकलमध्ये काउंटरला असते. रात्री शटर पडलं की आमच्या ओट्यावर एक काका-काकू झोपतात. काका ६७ चे आहेत म्हणे, काकू साठीच्या. आधी बाणेरला एका साईटवर वॉचमन होते, तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायचे. बिल्डिंग झाली, सोसायटीने सिक्युरिटी एजन्सी लावली, यांना निघायला सांगितलं. आता काका भंगार वेचतात आणि काकू पहाटे मंडईत लसूण सोलायला जातात. आमचे शेठ वैतागलेत, म्हणतात रोज रात्री ओट्यावर पाणी मारून ठेवतो. मी काकांना म्हटलं महापालिकेचा रात्र निवारा असतो तिकडे जा, तर ते नाहीच म्हणतात आणि काकू तर रडायलाच लागल्या. कुठल्या नंबरला फोन केला की त्यांना घेऊन जातील? महापालिका अशांना घर देते का? मुलगा भोसरीला आहे, त्याला कळवू का? काय करावं सुचत नाहीये.

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी ते फोनचं डोक्यातून काढ. "घेऊन जातील" असा नंबर तू शोधतेयस ना, नेमका त्याचाच त्या दोघांनी धसका घेतलेला असणार. रस्त्यावर राहणारी नवरा-बायको निवाऱ्याचं नाव काढलं की पहिलं हेच विचारतात, की आम्हाला वेगळं करणार का. आणि ते विचारणं बरोबरच आहे, कारण पुरुषांचे निवारे वेगळे असतात, बायकांचे वेगळे असतात, आणि नवरा-बायको एकत्र राहू शकतील अशी जागा मिळणं फार अवघड असतं. आता साठीची बाई, घर गेलं, खोली गेली, सामान म्हणजे दोन बोचकी, उरलाय तो एक नवरा, आणि तू तिला सांगतेयस की तिकडे जा. तुझं मन चांगलंच आहे गं, पण तिच्या कानाला ते काय ऐकू आलं असेल बघ.

रस्त्यावरच्या माणसांना उचलून नेणाऱ्या गाडीची भीती पण खोटी नाहीये. आपल्याकडे १९५९ चा भीक मागण्याला बंदी घालणारा कायदा अजून लागू आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या एवढी सैल आहे की प्रत्यक्ष हात पसरलाच पाहिजे असं नाही, पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी माणूस अशा अवस्थेत फिरतोय किंवा बसलाय की हा भिकेवरच जगत असणार असं वाटावं, एवढं सुद्धा त्यात बसवता येतं. कोर्टापुढे उभं केलं तर १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवायची तरतूद आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण ते दिल्लीपुरतं. म्हणजे दिवसभर पोतं घेऊन राबणारा माणूस संध्याकाळी दमून नुसता कट्ट्यावर बसला तरी कुणाला तो भिकारी वाटू शकतो, आणि फुटपाथवर राहणाऱ्या माणसांना कायद्याचं कलम माहीत नसलं तरी हे पक्कं माहीत असतं. तेव्हा तू पोलिसांना किंवा कुणाला "इथे दोन म्हातारी माणसं पडलेली आहेत" असा फोन केलास तर त्याचं पुढे काय होईल हे तुझ्या हातात राहत नाही. तब्येतीचं काही झालं, दम लागला, बेशुद्ध पडले, तर मात्र एक सेकंद विचार न करता १०८ लाव, ते वेगळं.

आता करायचं काय तर आधी विचारायचं. एकदा शटर पाडायच्या आधी दहा मिनिटं काढ, चहा घेऊन जा, काकूंच्या शेजारी बस आणि "का नाही जायचं" असं नको विचारूस, त्याने माणूस आरोपी असल्यासारखा गप्प होतो, "तिथे गेलात तर काय अडचण होईल" असं विचार. मला वाटतं तीन-चार गोष्टी निघतील. एक तर वेगळं राहण्याची. दुसरी कामाची, काकू पहाटे मंडईत जातात म्हणजे अंधारातच उठत असतील, निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला असला तर त्या वेळेला बस नाही आणि रिक्षा परवडणार नाही, मग लसणाचं काम सुटलं. तिसरी काकांचं पोतं, भंगार आत आणू देत नाहीत आणि बाहेर ठेवलं की चोरीला जातं, आणि तीच तर त्यांची दिवसाची कमाई. दारूचं काही असेल तर तेही असू शकतं, आत पिऊन येऊ देत नाहीत, त्याचा तू न्यायनिवाडा करू नकोस, फक्त माहीत असू दे. यातलं काय काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

आता निवारा म्हणजे नक्की काय ते नीट समजून घे, कारण बहुतेकांना वाटतं एक हॉल, सतरंज्या आणि सकाळी सहाला बाहेर. (आणि निवारा म्हटलं की पुण्यात आधी नवी पेठेतला वृद्धाश्रम आठवतो, तो वेगळा, आपण महापालिकेच्या बेघर निवाऱ्याबद्दल बोलतोय.) सुप्रीम कोर्टात अन्नाच्या हक्काची केस चालू होती तेव्हा २००९ च्या डिसेंबरात दिल्लीच्या थंडीत एक निवारा पाडला गेला, त्यावरून २०१० च्या जानेवारीत कोर्टाने सरकारांना धारेवर धरलं आणि मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, तोही चोवीस तास चालणारा निवारा पाहिजे असं ठरलं. मग २०१३ ला राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं त्यात शहरी बेघरांसाठी निवारा ही वेगळी योजना आली. त्या नियमांत लाखामागे शंभर माणसांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास-बाथरूम, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला लॉकर, आणि पुरुषांचे, बायकांचे, कुटुंबांचे, आणि म्हातारे-आजारी अशांचे खास असे वेगवेगळे निवारे, हे सगळं लिहिलेलं आहे. लॉकर आणि कुटुंब हे दोन शब्द लक्षात ठेव, पुढे लागणार आहेत.

पुण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांच्या वर होती. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने सुद्धा ३१ निवारे पाहिजेत, तीन हजार शंभर माणसांची सोय. तेवढे नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत, आणि आता तर आजूबाजूची गावं महापालिकेत आली, शहर केवढं वाढलं. पैशाचं पण बघ, त्या योजनेत ५० जणांचा निवारा चालवायला वर्षाला ६ लाख धरलेले होते, म्हणजे माणशी महिन्याला हजार रुपये, त्यात एक मॅनेजर, तीन पाळ्यांचे तीन केअरटेकर आणि बाकी सगळं. हजार रुपयांत पुण्यात कॉट बेसिसवर कॉट सुद्धा मिळत नाही. बहुतेक निवारे संस्था चालवतात, पैसा सरकारचा आणि महापालिकेचा, आणि जिथे चांगली माणसं आहेत तिथे ती एवढ्याशा पैशात खरंच जीव तोडून काम करतात. पण जागा कमी, माणसं कमी, म्हणून तू काकांना घेऊन गेलीस आणि "फुल आहे" असं ऐकलंस तर त्या केअरटेकरवर चिडू नकोस. चिडायची जागा वरती आहे, त्याचं शेवटी सांगते.

तरी पण मी म्हणते प्रयत्न कर, आणि त्याचं कारण छप्पर नाही, पत्ता आहे. काका-काकू आत्ता जिथे अडकलेत ते पत्त्यापाशी अडकलेत. बाणेरच्या साईटचा पत्ता कधी त्यांचा नव्हताच, गावाकडचा असेल तो जुना, आणि ओट्यावरच्या माणसाला बँक, रेशन, तहसील सगळीकडे पहिला प्रश्न हाच येतो, राहता कुठे. निवाऱ्यात नाव लागलं की तो प्रश्न सुटायला लागतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर तो आधारसाठी चालतो. आधार झालं की खातं, खातं झालं की पेन्शन. आणि निवाऱ्याचं कामच नियमाने हे आहे, नुसतं झोपायला देणं नाही, तिथल्या माणसांना ओळखपत्र, रेशन, पेन्शन, दवाखाना यांच्याशी जोडून देणं पण त्यांच्याच कामात येतं. हे तू मोकळेपणाने विचारायचं, उपकार मागत नाहीयेस.

काकांचं वय ६७ खरं असेल तर ते श्रावणबाळ योजनेत बसतात, ६५ च्या पुढे लागते ती, महिन्याला १,५०० रुपये, डायरेक्ट खात्यात. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेले पाहिजेत. अर्ज तहसील कार्यालयात. यात वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला यावरच गाडी अडते, म्हणून आधी त्यांच्याकडे काय काय कागद आहेत ते बघ, माझा अनुभव असा की बोचक्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी असतंच, जुनं वोटिंग कार्ड, शाळेचा दाखला, गावच्या रेशनकार्डाची झेरॉक्स. आधार हरवलं असेल तर घाबरू नका म्हणावं, आधी काढलेलं असेल तर आधार सेवा केंद्रात अंगठा देऊन परत मिळतं. गावच्या रेशनकार्डावर नाव असेल तर पुण्यातल्या दुकानातही धान्य मिळतं, आधार जोडलेलं असलं की झालं, आणि अन्नसुरक्षा योजनेत असतील तर माणशी ५ किलो फुकट. पण आता तूच विचार कर, ओट्यावर गहू-तांदूळ घेऊन त्या माऊलीने शिजवायचं कुठे? म्हणून मी मगाशी स्वयंपाकाच्या सोयीचं बोलले.

मतदार यादीचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पत्त्याच्या पुराव्याशिवाय. फॉर्म ६ भरायचा, जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री तिथे येऊन बघायचं की हा माणूस खरंच इथेच झोपतो का. निवडणूक आयोगाचाच नियम आहे हा. म्हणजे निवाऱ्याला ते शेवटपर्यंत नाहीच म्हणाले तरी हा रस्ता उघडा आहे, आणि वोटिंग कार्ड हातात आलं की बरीच दारं उघडतात.

काकांच्या भंगाराचं पण एक बोलते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, १९९३ पासून, कचरा वेचणाऱ्यांची संघटना, तिच्या ओळखपत्राला महापालिकेने मान्यता दिलेली आहे. काकांनी तिथे जाऊन सभासद होता येतं का ते विचारावं. मी वर तो भिकेचा कायदा सांगितला ना, "पोटापाण्याचं साधन दिसत नाही" असं कुणी म्हणायला लागलं तर खिशात कष्टकरी म्हणून ओळखपत्र असणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि ते मिळवायला घर लागत नाही.

आता जायचं कुठे. महापालिकेत हे काम समाज विकास विभागाकडे आहे. तुमचा भाग कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात येतो, तिथे समूह संघटिका कोण आहेत ते विचार, त्या बायका वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या असतात, त्यांना साहेबांपेक्षा जास्त माहीत असतं. काका-काकूंना पहिल्याच दिवशी घेऊन जाऊ नकोस, आधी तू एकटी जा, आणि दोनच गोष्टी नीट विचार: नवरा-बायको एकत्र राहू शकतील असा कुटुंब निवारा कुठे आहे, आणि तिथे सामानाला लॉकर आहे का, पोत्याचं काय करायचं. मग जागा कळली की तू आधी बघून ये. मग काकूंना नुसतं दाखवायला ने, राहायला नाही. दुपारी जाऊन बाथरूम बघू देत, दाराला कडी आहे का बघू देत, तिथल्या बायकांशी बोलू देत. आधार नाही म्हणून दारातूनच परत पाठवायला लागले तर समूह संघटिकेला तिथूनच फोन लाव, आधार काढून देणं हे त्यांचंच काम असताना तीच अट दारात घालणं बरोबर नाही.

आणि एवढं करून काकू म्हणाल्या की नाही जायचं, तर नाही. ते त्यांचं ठरवणं आहे. कागदांचं काम ओट्यावर राहूनही चालू ठेवता येतं. फक्त कागद सांभाळायची काळजी घे, पावसात भिजतात, अतिक्रमणवाले बोचकी उचलतात त्यात जातात. शेठची परवानगी असेल तर एक फाइल दुकानात ठेव, निदान झेरॉक्स तरी.

घराचं विचारलंस, तर खरं सांगते, फुटपाथवरच्या माणसाला महापालिका थेट घर देईल अशी योजना नाही. पंतप्रधान आवासच्या सोडतीत स्वस्त घरं असतात पण स्वस्त म्हणजे लाखांत, आणि बँकेचं कर्ज, उत्पन्नाचे कागद, ते यांच्या आवाक्यातलं नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात ज्याची झोपडी ठराविक तारखेच्या आधीची त्याला घर, साईटवर राहिलेल्या वॉचमनची झोपडी कुठल्याच यादीत नसते. मला याचा फार राग येतो. ज्यांनी अख्खं बाणेर-बालेवाडी उभं राहताना रात्र-रात्र जागून सिमेंटची पोती राखली त्यांच्यासाठी त्या शहरात दहा बाय दहाची कायदेशीर भाड्याची खोली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर डंपर गेला, तिघं गेले, त्यात दोन लहान लेकरं. कामासाठीच आलेली माणसं होती ती. रस्त्यावर झोपणाऱ्यांतले कितीतरी जण कामावर जाणारेच असतात गं, कमाई आहे पण खोलीचं डिपॉझिट एकदम भरता येत नाही एवढंच. म्हणून काका-काकूंच्या बाबतीत मला शक्य दिसतं ते असं: काही महिने निवारा, तेवढ्यात पेन्शन सुरू, काकूंची लसणाची मजुरी चालू, आणि मग दांडेकर पूल किंवा जनता वसाहत अशा भागात एखादी छोटी खोली. डिपॉझिटसाठी तुमच्या गल्लीतल्या चार दुकानदारांनी हात लावला तर ते होण्यासारखं आहे, आणि तो विषय काढायला तुझे शेठच बरे.

शेठशी बोल खरंच. त्यांची पण बाजू असते, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ओटा साफ पाहिजे, घाण नको, आणि ते चूक नाहीये. काका-काकूंनी शटर उघडायच्या आधी अर्धा तास सामान हलवायचं आणि ओटा झाडून द्यायचा, बदल्यात पाणी मारायचं नाही, एवढं ठरवून दे. ओल्या फरशीवर साठीच्या बाईने बसायचं, डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पारा दहाच्या खाली जातो, तुम्ही औषधं विकता, त्या ओल्याने काय होईल ते त्यांना मी सांगायला नको.

मुलाला परस्पर फोन करू नकोस, अजिबात नाही. तो का सांभाळत नाही, ते तिथून निघाले की काढलं, तिथे मारहाण होती का, तुला काहीच माहीत नाही. काकूंना विचार, त्या हो म्हणाल्या तरच. आणि त्यांना त्याच्याकडून खर्च हवा असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांत ऑफिसच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज, वकील लागत नाही, महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी ठरवता येते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथे आधी नुसतं विचारून घेता येईल. पण बऱ्याच आया मुलावर अर्ज करत नाहीत, आणि त्या नाही म्हणाल्या तर परत विषय काढू नकोस.

फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस, हेही सांगून ठेवते. मदत येईल असं वाटतं, येतात ती चादरी वाटणारी माणसं आणि कॅमेरे.

आणि चिडायच्या जागेचं म्हणाले होते ना ते. क्षेत्रीय कार्यालयात "कुटुंबासाठी निवारा नाही" असं उत्तर मिळालं तर तोंडी ऐकून परत येऊ नकोस, साध्या कागदावर अर्ज लिही की अमुक ठिकाणी झोपणाऱ्या ज्येष्ठ दांपत्याला एकत्र राहता येईल अशी सोय द्यावी, आवक शिक्का मारून दुसरी प्रत घे. काकांना विचारून त्यांचा अंगठा किंवा सही घे त्यावर. आणि दुसरा अर्ज तुझ्या नावाने, माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात विचार की पुणे महापालिकेचे बेघर निवारे किती आणि कुठे, प्रत्येकाची क्षमता किती आणि गेल्या वर्षभरात रोज सरासरी किती माणसं झोपली, नवरा-बायको एकत्र राहू शकतील असे त्यातले किती, आणि गेल्या अंदाजपत्रकात यासाठी ठेवलेल्या पैशातला खर्च किती झाला. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स तुमच्या भागातल्या नगरसेवकाच्या ऑफिसात पण दे आणि मला पण पाठव.